लावणी आपली, मग गाणारी कोणाची?

गेल्या पंधरवड्यात आमच्या नातीने मला एक गाणे ऐकविले. ती गच्चीबावलीला नोकरीस असते आणि येता-जाता तिच्या कानांत काहीतरी वाजत असते. "आजोबा, यात एक म्हातारी बोलते आहे, तिचा आवाज ऐका," असे म्हणून तिने ते यंत्र माझ्या कानाला लावले. गाणे अमेरिकेतले, बियॉन्से नावाच्या प्रख्यात गायिकेचे, २०२४ सालच्या संग्रहातले. त्यातल्या गाण्याशी माझे फारसे जमले नाही. परंतु ती म्हातारी मात्र माझ्या मनात बसली. तिचे नाव लिंडा मार्टेल.

नातीने तिची हकीकत सांगितली, आणि ती ऐकता ऐकता मला आपल्या शहरातील एका जुन्या बैठकीची आठवण झाली. त्या बैठकीत मी स्वतः हजर होतो आणि गप्प बसलो होतो. त्याविषयी पुढे लिहितोच. आधी त्या बाईंची गोष्ट.

अमेरिकेत 'कंट्री' नावाचा एक गाण्याचा प्रकार आहे. शेत, घोडा, आगगाडी, मोडलेला संसार, दूर गेलेला मुलगा, रविवारची प्रार्थना, असे त्याचे विषय. साथीला गिटार, फिडल आणि बँजो. गावाकडच्या साध्यासुध्या माणसांचे गाणे म्हणून त्याची ख्याती, आणि ही माणसे म्हणजे गोरी माणसे, असा तिकडचा रूढ समज. वास्तविक पाहता बँजो हे वाद्य आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या हातून अमेरिकेत घडले. गोऱ्या गवयांनी कितीतरी चाली आणि वाजविण्याच्या तऱ्हा कृष्णवर्णी वादकांपासून उचलल्या. पण १९२० नंतर ध्वनिमुद्रिकांचा धंदा वाढला, तेव्हा कंपन्यांनी मालाच्या दोन याद्या केल्या. गोऱ्यांनी गायिलेले एका यादीत, काळ्यांनी गायिलेले दुसऱ्या यादीत. गाणे एकाच मातीतले असले तरी दुकानातली फळी वेगळी. पुढे लोकांना वाटू लागले की फळी वेगळी म्हणजे गाणेच वेगळे.

लिंडा मार्टेल यांचा जन्म १९४१ सालचा, दक्षिण कॅरोलिना राज्यातील लीझव्हिल या लहानशा गावचा. १९६९ साली त्यांचे एक कंट्री गाणे त्या प्रकारच्या गाण्यांच्या राष्ट्रीय यादीत बाविसाव्या क्रमांकापर्यंत चढले. त्याच वर्षी नॅशव्हिल येथील 'ग्रँड ओल ऑप्री'च्या रंगमंचावर त्या एकट्याने गायिल्या. तेथे असा मान मिळालेली ही पहिली कृष्णवर्णी स्त्री. आपल्याकडे एखाद्या नव्या गवयाला पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात बसावयास मिळावे, तशी ही गोष्ट समजावी. १९७० साली त्यांचा गाण्यांचा संग्रह निघाला. तो काढणाऱ्या कंपनीचे नाव काय असावे? 'प्लँटेशन', म्हणजे ज्या मळ्यांवर त्यांच्या पूर्वजांना गुलाम म्हणून राबविले, तो मळा! हे नाव आपणांस खुपले होते, असे बाईंनी म्हातारपणी सांगितले आहे. कार्यक्रमात श्रोत्यांतून शिव्या येत, तेही त्यांनी सांगितले आहे. कंपनीच्या मालकाचे लक्ष थोड्याच दिवसांत दुसऱ्या एका गोऱ्या गायिकेकडे वळले. बाईंना दुसरा संग्रह काढता आला नाही. चार-पाच वर्षांत सारे आटोपले. नंतर त्यांनी जहाजावर गाणी म्हटली, ध्वनिमुद्रिकांचे दुकान चालविले, शाळेची बस हाकली. पन्नास वर्षांनी बियॉन्सेला त्यांची आठवण झाली, तेव्हा त्यांची ऐंशी उलटली होती. २०२५ च्या फेब्रुवारीत बियॉन्सेच्या त्या संग्रहाला सर्वोत्कृष्ट कंट्री संग्रहाचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. ते मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णी कलावती. पहिल्या बाईंचा काळ मात्र निघून गेला होता.

आता त्या बैठकीविषयी.

सन १९८२. आपल्या शहरातील एका मराठी संस्थेच्या कार्यकारिणीवर मी होतो. संस्थेचे नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण त्या काळी कोणत्याही संस्थेत तोच ठराव झाला असता. वार्षिक उत्सवाचा कार्यक्रम ठरवावयाचा होता. एका तरुण सभासदाने सूचना मांडली की, मराठवाड्यातील एका बैठकीच्या लावणीच्या गायिकेला बोलवावे. बाई वयस्क आहेत, जुन्या चाली त्यांना येतात, बिदागीही जास्त नाही. क्षणभर सारे स्तब्ध झाले. मग एक ज्येष्ठ सभासद अगदी सौम्यपणे म्हणाले, "सूचना चांगली आहे, पण आपल्या घरच्या बायका समोर बसणार." दुसरे म्हणाले, "त्यांना उतरवावयाचे कोणाकडे?" या दुसऱ्या प्रश्नाने विषय संपला. गवई आला की त्याला घरी उतरवून घेण्यासाठी आमच्यात चढाओढ लागे. या बाईंसाठी सुलतान बाजारपासून काचीगुड्यापर्यंत एक खोली निघेना. मी चिटणीस होतो. 'सूचनेवर विचार झाला. तूर्त स्थगित' असे इतिवृत्तात लिहिले आणि खाली सही केली.

त्या वर्षी उत्सवात एक कार्यक्रम झालाच. आपल्याच घरांतील चार मुली नऊवारी नेसून, नाकात नथ घालून, चित्रपटातील एका लावणीच्या ध्वनिमुद्रिकेवर नाचल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला. 'पुन्हा एकदा' असा आग्रह झाला. त्या मुलींत माझी पुतणीही होती आणि सर्वांत जोराने टाळ्या वाजविणाऱ्यांत मीही होतो. स्थगित झाले ते काय, आणि टाळ्या पडल्या त्या कशाला, हा प्रश्न त्या रात्री मला पडला नाही. तो पडावयास चाळीस वर्षे लागली, आणि अमेरिकेतील एका म्हातारीचा आवाज कानी यावा लागला.

लावणी कोणाची, असे विचारले तर तिचा इतिहास चांगलाच सरमिसळ आहे. सोलापूरचा रामजोशी ब्राह्मण, होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान. पेशवाईच्या उत्तरकाळात या शाहिरांनी लावणी रचली, तेव्हा तिला एकाच जातीचे कुंपण नव्हते. त्यांची नावे आपण पाठ्यपुस्तकांतून शिकलो. पण ती लावणी अंगात मुरवून, अदा करून, फडावर आणि बैठकीत दीडशे-दोनशे वर्षे ज्यांनी जिवंत ठेविली त्या बहुतेक स्त्रिया महार, मांग, कोल्हाटी अशा घरांतल्या. त्यांची नावे कोणत्या पुस्तकात होती? पठ्ठे बापूराव हे नाव सर्वांना ठाऊक आहे. रेठऱ्याच्या कुलकर्ण्यांचा मुलगा घरदार सोडून तमाशात गेला, म्हणून त्याच्यावर १९५० साली बोलपटही निघाला. परंतु ज्या पवळेच्या गळ्याने आणि रूपाने त्यांच्या फडाला गर्दी लोटे, ती हिवरगावची पवळा महार कुटुंबातली. तमाशाच्या फडावर उभी राहिलेली पहिली नामांकित स्त्री म्हणून जाणकार तिचे नाव घेतात. आपल्या घरांत ते किती जणांना ठाऊक आहे?

आणि विठाबाई. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. पंढरपुरास १९३५ साली जन्म. आजोबा, वडील, चुलते सारे तमाशातले. भाऊ-बापूंचा फड हे नाव पश्चिम महाराष्ट्रात गावोगाव गाजलेले. जात नावातच होती, आणि फडाच्या पाटीवर ती लिहिलेलीही असे. विठाबाई लहानपणी फडावर चढल्या आणि गाण्यात, नाचात, वगातील भूमिकेत त्यांची बरोबरी करणारी दुसरी बाई झाली नाही असे पाहिलेले लोक सांगतात. त्यांची एक हकीकत तर महाराष्ट्रभर सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या. कळा येऊ लागल्या, तेव्हा त्या मागे गेल्या, कनातीआड बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि लुगडे आवळून पुन्हा लोकांपुढे आल्या. लोकांना उमगले, तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवावयास लाविला.

ही हकीकत सांगताना आपण 'केवढी ही कलेवरची निष्ठा' असे म्हणतो. मीही म्हणत असे. आता वाटते, की यात निष्ठा आहे तशी दुसरीही एक गोष्ट आहे. खेळ मोडला तर त्या रात्रीची सुपारी बुडते, आणि फडातील पन्नास-साठ माणसांची चूल त्या सुपारीवर पेटते. ज्या बाईला बाळंतपणाची रजा म्हणून एक रात्रही मिळत नाही, तिच्या निष्ठेचे कौतुक करणे आपल्याला सोपे जाते. आपल्याला त्यात काही द्यावे लागत नाही.

राष्ट्रपतींच्या हस्ते विठाबाईंचा १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली गौरव झाला. तरी अखेरचे दिवस हलाखीत गेले. जानेवारी २००२ मध्ये त्या वारल्या, तेव्हा रुग्णालयाचे बिल चाहत्यांनी वर्गणी काढून भागविले. २००६ पासून महाराष्ट्र सरकार त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. पुरस्कार चांगलाच आहे. पण त्या नावाची बाई जिवंत असताना वर्गणी काढावी लागली, हे विसरून चालणार नाही.

लिंडाबाई आणि विठाबाई यांची गोष्ट अगदी एक आहे, असे मी म्हणत नाही. एका अर्थी ती उलटी आहे. लिंडाबाईंना तिकडच्या लोकांनी सांगितले, "हे गाणे तुझे नव्हे, तू येथे येऊ नकोस." विठाबाईंना आपण सांगितले, "हे गाणे तुझेच आहे, म्हणून तू तेथेच राहा." एकीला दार उघडेना, दुसरीला दार ओलांडू देईनात. पण दोन्ही ठिकाणी दारावर बसलेला माणूस एकच, आणि त्याच्या हातातली यादीही तीच. तो गाणे ऐकत नाही. गळा कोणाच्या घरातला ते पाहतो. तीच लावणी तंबूतल्या बाईने म्हटली तर छचोर, आणि नभोवाणीवर किंवा बोलपटात आली तर लोककला.

येथे कोणी म्हणेल, की बोलपटांनी लावणीला प्रतिष्ठा मिळवून दिली, तिचा उपकार का मानत नाही? मानतो. १९४७ चा 'लोकशाहीर रामजोशी', १९५९ चा 'सांगत्ये ऐका', १९७२ चा 'पिंजरा' मी हौसेने पाहिले आहेत. सुलोचनाबाई चव्हाणांचे गाणे ऐकून तर आमची पिढी वाढली. त्या पदर डोक्यावर घेऊन, जागच्या न हलता, केवळ आवाजाच्या फेकीवर लावणी उभी करीत. आचार्य अत्र्यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटले ते योग्यच. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्या गेल्या. त्यांच्या मोठेपणात तिळमात्र उणे काढण्याचा माझा हेतू नाही. मात्र त्या डोक्यावरच्या पदराचा अर्थ काय होता, हे आपण विचारावे. लावणी गाणारी बाई घरंदाज आहे, हे श्रोत्यांना आधी पटवून द्यावे लागे. ज्यांना तसा पदर घेऊन तसे पटविता येत नव्हते, त्यांच्या गाण्याला आपण कान दिला नाही.

वाईच्या यमुनाबाईंना पद्मश्री २०१२ साली मिळाली, तेव्हा त्यांचे वय शहाण्णव होते. बैठकीची लावणी म्हणजे काय, एकच ओळ बसल्या जागी हाताने, डोळ्याने, भुवईने किती परींनी उलगडता येते, हे त्यांनी दाखविले. संगीत नाटक अकादमीने त्यांना १९७७ सालीच ओळखले होते. आमच्या स्थगित ठरावाच्या आधी पाच वर्षे! तेव्हा 'दर्जा कळत नव्हता' ही सबब आम्हांस नाही. दर्जा कळण्यासारखा होता. कळून घ्यावयाचा नव्हता.

आपण हैदराबादकरांनी तर हे अधिक समजावयास हवे होते. या शहरात मौला अलीच्या टेकडीपाशी महलका बाई चंदा हिची कबर आहे. ती तवायफ होती, कवयित्री होती, आणि आसफजाही दरबाराने तिला जहागिरी दिल्या. उर्दूत स्वतःचा दिवाण असणाऱ्या आरंभीच्या स्त्रियांत तिची गणना होते. गाणाऱ्या बाईला मान देण्याची चाल या मातीत दोनशे वर्षांपूर्वी होती. आपण येथे पिढ्यान्‌पिढ्या राहून दखनी शिकलो, बिर्याणी शिकलो, शेरवानी शिकलो, आणि ही चाल तेवढी शिकलो नाही.

दुसरे उदाहरण याहूनही जवळचे. आपल्या बराती निघतात तेव्हा मरफा वाजतो. आता हिंदूंच्या वरातीत वाजतो, मुसलमानांच्या वाजतो, गणपतीपुढेही मी ऐकला आहे. तो ताल येथे आणला आणि जपला तो अरबांनी आणि हबशी लोकांनी. ए. सी. गार्ड्‌स या वस्तीचे नाव आपण दिवसातून दहादा घेतो. ते 'आफ्रिकन कॅव्हलरी गार्ड्‌स' या निजामाच्या हबशी घोडदळाचे नाव. संस्थान विलीन झाले, पथक मोडले, घोडे गेले. राहिले ते मरफ्याचे ढोल. अमेरिकेतील काळ्या माणसांच्या बँजोची गोष्ट ऐकून आपण हळहळतो. त्याच खंडातून आलेल्या माणसांचा ताल आपल्या दारात वाजतो. त्यावर आपली मुले नाचतात. वाजविणाऱ्याला आपण पैसे देतो आणि पाणी विचारावयास विसरतो. त्याचे नाव विचारावयाचे तर आपल्या मनातही येत नाही.

एक आक्षेप मी स्वतःच घेतो. आज लावणीच्या नावाने जे चालते, ते पुष्कळदा ओंगळ असते. कर्णे लावून, दुहेरी अर्थाच्या ओळी म्हणून, नोटा उधळून घेण्याचा तो धंदा आहे; तो आपल्या उत्सवात कशाला? हा आक्षेप खरा आहे. परंतु नोटा उधळणारे हात कोणाचे, हेही विचारावे. ज्या कलेला बैठकीतून, सभागृहातून, शाळेतून हाकलले, ती जत्रेत उरली. आणि जत्रेत जो गिऱ्हाईक येतो त्याच्या मर्जीने ती चालली. शहाण्या श्रोत्यांनी पाठ फिरविली की कलावंताला अडाणी श्रोत्याच्या हवाली केल्यासारखेच होते. मग ती बिघडली म्हणून आपण नाक मुरडावे, हा न्याय कोणता?

लहानपणी मामांबरोबर मी माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेस गेलो होतो. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानातच होता. नांदेडकडची निम्मी मंडळी आपलीच. घोड्यांचा बाजार पाहून परतताना एका तंबूतून ढोलकी ऐकू आली. मामा कनातीबाहेर थांबले. आत गेले नाहीत, पुढेही चालले नाहीत. पाऊण तास आम्ही थंडीत उभे राहून ऐकले. ढोलकी थांबली तेव्हा मामा म्हणाले, "घरी सांगू नकोस." मी सांगितले नाही. आता वाटते, की आपली सारी पिढी त्या कनातीबाहेर उभी होती. ऐकत होती, डोलत होती, पण तिकीट काढून आत जाण्याची तिची तयारी नव्हती.

तेव्हा माझी सूचना अशी. आपल्या शहरातील मराठी संस्थांनी या वर्षीच्या उत्सवात मराठवाड्यातील एका बैठकीच्या लावणीच्या गायिकेला बोलवावे. ध्वनिमुद्रिका नको, गायिकाच हवी. ढोलकीवाला, पेटीवाला, साथ करणाऱ्या बाया यांच्यासह बोलवावे. बिदागी शास्त्रीय गवयाला देतो तेवढीच द्यावी, आणि ती कार्यक्रम संपल्यावर घासाघीस करून नव्हे, तर आधी ठरवून. निमंत्रणपत्रिकेत तिचे नाव पूर्ण आणि पाहुण्या पुढाऱ्यांच्या नावांच्या वर छापावे. तिचा सत्कार आपल्या घरच्या स्त्रियांनी करावा. लुगडे-नारळ हातात कोंबून लगेच गाडीत बसवू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलामुलींना घेऊन तिच्यापुढे बसावे आणि एक लावणी शिकावी. आपल्या मुली लावणीवर नाचतात यात मला काहीच वावगे वाटत नाही. उलट आनंद वाटतो. फक्त त्यांनी ती जिची आहे तिच्याकडून घ्यावी आणि तिचे नाव सांगावे.

राहिला प्रश्न उतरविण्याचा. १९८२ साली त्याचे उत्तर माझ्याजवळ होते. गौळीगुड्यातील आमच्या घरी माडीवरची खोली रिकामीच होती. बैठकीत मी तसे बोललो नाही, कारण घरी काय म्हणतील याची भीती वाटली. घरी विचारलेही नाही. परवा हे सारे मी पत्नीला सांगितले. ती म्हणाली, "तेव्हा विचारले असते तर मी हो म्हटले असते." खरे-खोटे आता कोण ठरविणार? पण ती खोली अजून आहे. त्या गायिका येणार असतील तर त्यांना आमच्याकडे उतरवावे, अशी विनंती मी या लेखाच्या द्वारे सर्व संस्थांच्या चिटणिसांना करीत आहे. स्वयंपाक घरचा असेल आणि पंगत एकच असेल.

ज्या बाईंविषयी तो ठराव होता त्या आता हयात नाहीत. त्यांचा एकही शब्द कोणी ध्वनिमुद्रित करून ठेविलेला मला आढळला नाही. लिंडाबाईंचा आवाज निदान नातीच्या कानात तरी आहे.